न लावलेला रंग

नाट्यगृहाच्या मागच्या अंगाने, सामान चढवण्याच्या फाटकातून आत शिरले आणि लाकडी जिन्याच्या काही पायऱ्या उतरल्या की उजव्या हाताला एक अरुंद, खिडकी नसलेली खोली लागते. भिंतभर आरसा, आरशाच्या कडेने दिव्यांची माळ, तिच्यातला एखादा दिवा सदैव गेलेला, समोरच्या फळीवर रंगांच्या कांड्या, पावडरीचे डबे, दाढीमिशा चिकटवण्याचा डिंक, स्पंज, कापूस आणि रंग उतरवण्याच्या मलमाची बरणी. या खोलीत रंगोबांचे आयुष्य गेले. कागदोपत्री त्यांचे नाव दुसरेच काही होते. पण एका विनोदी नटाने कधी काळी खुर्चीत बसता बसता "रंगोबा, आमच्या थोबाडाचा उद्धार करा" अशी हाक मारली, आणि ते नाव कातडीसारखे अंगाला चिकटले. पुढे बायकोही भांडताना त्यांना रंगोबाच म्हणू लागली. आणि तिचे भांडण व तिची माया यांत फारसे अंतर नसल्यामुळे हे नाव घरात दिवसभर ऐकू येई.

नटाच्या चतुर्विध अभिनयात देह, वाणी आणि अंतःकरण ही तीन साधने त्याची स्वतःची. चौथे, ज्याला जुन्या शास्त्रकारांनी आहार्य म्हटले, ते वेषाचे आणि रंगाचे साधन मात्र दुसऱ्याच्या हातचे असते. त्या दुसऱ्याचे नाव जाहिरातीत बारीक अक्षरांत छापतात, बहुधा छापतही नाहीत. रंगोबांना त्याची खंत नव्हती. ज्या म्हाताऱ्या रंगभूषाकाराच्या हाताखाली ते शिकले, त्याने त्यांना एकच नियम बजावून सांगितला होता: कोरा चेहरा उजेडात जाऊ द्यायचा नाही. उजेड दयाळू नसतो. धडधाकट माणूससुद्धा भर दिव्यांत प्रेतासारखा पांढरा पडतो. तेव्हा निरोगी दिसण्यासाठी निरोगी माणसालाही रंग लागतो. हा नियम रंगोबांनी व्रतासारखा पाळला. आणि मनुष्याचा घात त्याच्या पापापेक्षा त्याच्या व्रतानेच अधिक वेळा होतो, हे त्यांना उतारवयात कळायचे होते.

त्यांना एकच मुलगी. लहानपणी तिचे पाऊल घरात ठरत नसे, म्हणून तिला भिंगरी म्हणत. जिन्याच्या पायऱ्या ती कधी एकेक करून उतरली नाही. शाळेतून आली की दप्तर एका कोपऱ्यात आणि ती दुसऱ्या गल्लीत. नाट्यगृहात आली की पडद्याच्या दोऱ्यांना लोंबकळायची, आणि व्यवस्थापक ओरडला की बापाच्या खुर्चीखाली दडायची. शाळेची शेवटची दोन वर्षे उरली असताना तिला ताप आला. तसा ताप त्या आठवड्यात वर्गातल्या निम्म्या मुलांना आला होता. सगळ्यांचा उतरला, तसा तिचाही उतरला. पण उतरताना तो तिची शक्ती सोबत घेऊन गेला.

थकवा हा शब्द फार वापरून गुळगुळीत झालेला आहे. दिवसभर राबलेला हमाल थकतो, परीक्षा दिलेला विद्यार्थी थकतो, आणि दोघेही झोपून उठले की ताजे होतात. भिंगरीचा थकवा झोपेने जात नसे. केस विंचरण्याइतके श्रमही तिला आडवी पाडायला पुरत. आणि त्या श्रमांची शिक्षा त्याच दिवशी मिळत नसे. दबा धरून बसलेल्या श्वापदासारखी ती एकदोन दिवस वाट पाही आणि मग झडप घाली. मग हातपाय शिशासारखे जड, उजेड डोळ्यांत सुईसारखा, भांड्यावर भांडे आपटले तरी जीव कासावीस. आणि या सगळ्याचे दृश्य चिन्ह मात्र काहीच नाही. ना पट्टी, ना टाका, ना गाठ.

म्हणून लोकांना तोंड फुटले. मामा म्हणाला, "वय आहे हे. या वयात सगळ्यांनाच अंथरूण गोड लागतं." मावशी म्हणाली, "आमच्या वेळी थकायला सवडच नव्हती बाई." शेजारीण खिडकीतून डोकावून, भुवया उडवत म्हणाली, "दिसायला तर छान दिसते हो!" त्या वाक्याचा भिंगरीला इतका वीट आला होता, की शेजारीण गेली की ती उशीत तोंड खुपसून म्हणायची, "आई, मी मेले की हिला आधी बोलव. म्हणेल, दिसायला तर छान दिसते हो!"

आई रुग्णालयांच्या आणि खाणावळींच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात कामाला होती. दिवसभर वाफेत उभी राहून घड्या घालायची, आणि घरी आल्यावर तीच घडी जिभेला पडलेली असायची. जे बोलायची ते कडक आणि काटकोनात. "लोकांच्या तोंडाला कोण झाकण घालणार?" ती म्हणायची. "तू तुझं तोंड मिट आणि डोळेही मिट."

दोन वर्षे अशी गेल्यावर गावच्या मोठ्या रुग्णालयात एक संशोधन सुरू झाले. दीर्घकाळ थकव्याने अंथरुणाला खिळलेल्या तरुण मुलांचा अभ्यास करायचा, आणि अभ्यास चालू असेपर्यंत त्यांना आधारही द्यायचा, अशी त्याची योजना होती. ते चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई मृदू बोलणाऱ्या, चष्म्याआडून नीट पाहणाऱ्या होत्या. पहिल्या भेटीत त्यांनी भिंगरीचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "हा आळस नाही. हा आजार आहे. तू खोटं बोलत नाहीस, हे मला माहीत आहे." त्या वाक्याने रंगोबा रुग्णालयाच्या फरशीवर खालीच बसले. चादरींच्या घड्या घालणाऱ्या त्या कडक बाईने पदरात तोंड लपवले. त्या घराने डॉक्टरीणबाईंना त्या दिवशी देवघरात नेऊन बसवले असते, तर त्यात नवल नव्हते.

आधार मिळाला तो असा. एक चाकांची खुर्ची मिळाली. परीक्षा मंडळाकडे शिफारस गेली, की या मुलीला शाळेची शेवटची परीक्षा घरी, अंथरुणावर, थोडी थोडी करून देऊ द्यावी. आणि सर्वांत मोलाचे म्हणजे घरी येऊन शिकवणारी एक मास्तरीणबाई मिळाली. ही बाई पादत्राणे दाराबाहेर काढून, पडदा ओढलेल्या खोलीत पलंगाशेजारी जमिनीवर बसायची आणि गणित कुजबुजत्या आवाजात शिकवायची. भिंगरी डोळे मिटून ऐकायची, मनातच आकडेमोड करायची आणि उत्तर सांगायची. कधी कधी उत्तर मास्तरीणबाईंच्या आधी यायचे. तेव्हा दोघी एकदम हसायच्या; आणि ते हसणे स्वयंपाकघरात ऐकणारी आई हातातले काम तसेच धरून उभी राहायची. तेवढ्या वेळापुरती भिंगरी आजारी नसायची, विद्यार्थिनी असायची. "शाळेनं मला संपवण्याआधी मी शाळा संपवणार," असे ती म्हणे.

हा सगळा आधार वार्षिक तपासणीवर अवलंबून होता. तपासणीत मूल अजून आजारी दिसले तर तो चालू राहणार, सुधारलेले दिसले तर दुसऱ्या मुलाकडे जाणार. हे त्यांना पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितले होते. पण सांगितलेली गोष्ट आणि उमजलेली गोष्ट यांमध्ये पुष्कळदा एक आयुष्य पडते.

तपासणीच्या आधी कितीतरी दिवस भिंगरीने स्वतःला साठवून ठेवले. अभ्यास बंद, बोलणे बंद, केस धुणे पुढे ढकलले. जायला तरी त्राण हवे, हा त्यामागचा साधा हिशेब. त्या सकाळी ती बसू शकली, आणि बसल्या बसल्या म्हणाली,

"बाबा, तुमची पेटी काढा."

"कशाला गं?"

"थोडा रंग लावा मला."

आई दारातून म्हणाली, "दवाखान्यात चाललीस की नाटकात?"

"आई, मागच्या खेपेला तिथे बाकावर माझ्या वर्गातली एक मुलगी भेटली. हाताला काहीतरी लागलं होतं तिला. तिच्या आईनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि तिला जवळ ओढून घेतलं. जसं काही मी तिला लागणार होते." ती थांबली. बोलणेही तिला दमवायचे. "मला मेलेलं दिसायचं नाही. एवढंच."

"अगं, पण डॉक्टरांनी बघायला नको का तू कशी आहेस?" आई म्हणाली.

"डॉक्टर आत बघतात. यंत्रं आहेत त्यांच्याकडे. बाहेरून बघायला शेजारीण आहे."

रंगोबांनी पेटी काढली. कोरा चेहरा उजेडात जाऊ द्यायचा नाही. आणि रुग्णालयातले ते लांब पांढरे दिवे तर रंगमंचापेक्षाही निर्दय. त्यांनी स्पंजचे टोक ओले केले, डोळ्यांखालच्या निळसर छायेवर मातकट पिवळ्याचा हलका हात फिरवला, गालफडाच्या हाडावर किंचित लाली टेकवली आणि बोटाच्या उबेने ती कातडीत जिरवली. ओठांना तर रंग लावलाच नाही. नुसते मलम चोळून रक्त वर आणले. रंग लावला आहे हे ज्या रंगात कळत नाही तोच रंग, ही त्यांच्या विद्येची कसोटी. काम संपवून ते मागे सरले आणि त्यांच्या हातातला स्पंज खाली पडला. पलंगावर त्यांची तीन वर्षांपूर्वीची मुलगी बसली होती.

"कशी दिसते?" तिने विचारले.

"भिंगरीसारखी," ते म्हणाले. आईने तोंड फिरवले आणि विनाकारण कपाट उघडून बंद केले.

रुग्णालयात तिला खुर्चीतून उठून लांब सज्ज्यातून चालायला लावले. ती चालली. कोडी सोडवायला दिली, ती सोडवली. मग मुठीत धरून आवळायचे एक यंत्र दिले, त्यावर हाताचा जोर कळतो. ते आवळताना शेजारचा तरुण सहायक उत्साहाने म्हणाला, "शाब्बास! अजून थोडं! वा!" भिंगरीला किती काळात कोणी शाब्बास म्हटले नव्हते. तिने दात ओठावर दाबून, पुढच्या कित्येक दिवसांचा जोर त्या एका मुठीत ओतला. सहायकाने टाळी वाजवली.

डॉक्टरीणबाई तिच्याकडे पाहून प्रसन्न हसल्या. "चेहऱ्यावर तेज आलंय हो हिच्या!"

आणि रंगोबांनी मान लववली. पहिल्या अंकाला टाळी पडली की विंगेत उभे राहून ते जशी लववत, तशी. आयुष्यभर कोणी त्यांच्या कामाकडे पाहून असे उद्गार काढले नव्हते. त्या क्षणी ते बाप नव्हते, रंगभूषाकार होते. आणि हा एक क्षण पुढे त्यांना कधीही विसरता आला नाही.

परतीच्या वाटेवर भिंगरी गाडीत आडवी झाली, ती घरी उचलूनच न्यावी लागली. आईने मलमाने तिचा चेहरा पुसला तेव्हा रंगाखालून जे निघाले ते पाहवत नव्हते. मग श्वापदाने झडप घातली. महिना उलटला तरी तिला पेला धरता येईना. आई चमच्याने पेज भरवायची, आणि गिळण्याचे श्रम झाले म्हणून मध्येच थांबायची. मास्तरीणबाई दारापर्यंत यायची, आतला अंधार पाहून परत जायची. हे सारे रुग्णालयातल्या कोणी पाहिले नाही. संशोधन रुग्णालयात चालत होते आणि आजार घरी राहत होता. दोघांची गाठ वर्षातून एकदा पडायची, तीही आजाराला बरे वाटत असेल त्या दिवशी.

अशातच दुपारी फोन आला. आईने घेतला. पलीकडून तोच उत्साही सहायक होता.

"अभिनंदन, काकू! तुमच्या मुलीत फार चांगली सुधारणा आहे. आमच्या गटातली सगळ्यात चांगली!"

"कुणाच्या मुलीत?"

"तुमच्याच. त्यामुळे शिक्षिका, खुर्ची आणि परीक्षेची सवलत आता आपण जास्त गरजू मुलांकडे वळवतोय. तिनं आता हळूहळू शाळेत जायला हरकत नाही."

"ती आत्ता गिळू शकत नाहीये, बाळा," आई म्हणाली.

सहायक म्हणाला, "असं होतं कधी कधी. पण आकडे चांगले आहेत."

फोन ठेवून आई रंगोबांकडे वळली. "अभिनंदन म्हणे! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हे. लावा अजून लाली! आणा अजून तेज! तिथल्या चादरी मी धुते, रंगोबा. कोण किती आजारी आहे ते त्या चादरींना कळतं. पण चादरींना कोण विचारतो? चेहऱ्याला विचारतात, आणि चेहरा तुमच्या हातात!"

"मला वाटलं—"

"तुम्हाला वाटलं! तुम्हाला टाळी पडली!"

तिनेही ती लववलेली मान पाहिली होती.

आतून भिंगरीचा बारीक आवाज आला. "आई, त्यांना नको बोलू. रंग मी मागितला."

रंगोबा दुसऱ्या दिवशी रुग्णालयात गेले. टोपी हातात घेऊन बाकावर बसून राहिले, आणि डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तसे उठून म्हणाले, "बाई, ते तेज माझं होतं."

बाईंना कळेना. रंगोबांनी सगळे सांगितले: पेटी, स्पंज, बाकावरची ती दुसरी आई, साठवलेले दिवस, आणि नंतरचा अंधार. बाईंनी मध्येच तोडले नाही. फक्त एका ठिकाणी विचारले, "म्हणजे तुम्ही तिचा चेहरा बदललात?"

"बदलला नाही, बाई. पूर्वी होता तसा केला."

"तुम्ही काम काय करता?"

रंगोबांनी सांगितले, आणि सांगताना त्यांना थोडा अभिमानही वाटला, कारण तो शब्द उच्चारताना त्यांना नेहमीच वाटे. बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी मिटल्यासारखे झाले. आयुष्यभर चेहरे वाचणाऱ्या त्या माणसाला ते दिसले; पण त्याचा अर्थ त्याला लागला नाही, कारण त्याला तो लावून घ्यायचा नव्हता. बाई सौजन्याने म्हणाल्या, "ठीक आहे. आपण पुन्हा तपासू. तिला जशी आहे तशी आणा."

ते घरी जवळजवळ पळतच आले. "पुन्हा तपासणार! जशी आहे तशी आणा म्हणाल्या!"

"जशी आहे तशी," भिंगरी छताकडे पाहत म्हणाली. "म्हणजे ह्या खेपेला तुम्हाला सुट्टी, बाबा."

ती अजून सावरलेली नव्हती तेव्हाच दिवस नेमला गेला. पेटी कपाटात राहिली. खुर्ची परत गेली होती, म्हणून रंगोबांनी तिला पाठुंगळी घेऊन जिना उतरवला. तिचे डोळे खोल गेलेले, ओठ फाटलेले, कातडीचा रंग जुन्या मेणबत्तीसारखा. आईने केस बांधायला हात पुढे केला आणि मागे घेतला. "नको," ती स्वतःशीच म्हणाली. आपल्या लेकराला असे चारचौघांत न्यायचे, हे तिने तिच्या साऱ्या घडीबंद आयुष्यात कधी केले नव्हते.

तपासणीच्या खोलीत एक परिचारिका होती. पोक्त, कामाची सवय असलेली, पण आज तिचे हात चुळबुळत होते. तिने एका वाटीत पाणी घेतले, कापसाचा बोळा भिजवला आणि कुणाकडे न पाहता म्हणाली, "चेहरा पुसून घ्यायचा आहे. तशी सूचना आहे."

"कशाला?" आईने विचारले.

परिचारिका बोळा पिळत राहिली. "म्हणजे... वडील त्या कामातले आहेत ना. कागदांत टिपलेलं आहे तसं. चांगलं दाखवता येतं तर... उलटही करता येतं."

भिंगरीने डोळे मिटले आणि चेहरा किंचित वर केला; रंगभूषेच्या खुर्चीत नटी करते तसा. आई पुढे झाली, पण रंगोबांनी तिला हाताने थांबवले. परिचारिकेच्या हातातला बोळा त्यांनी अलगद काढून घेतला.

"द्या इकडे," ते म्हणाले. "हे माझं काम आहे."

खेळ संपल्यावर रंग उतरवण्याची एक रीत असते. कपाळापासून सुरुवात करायची, केसांच्या मुळांशी थांबायचे, मग भुवया, मग डोळे, तेही बोटाचा भार न देता, आतल्या कोपऱ्यातून बाहेर, मग नाकाच्या कडा, गाल, हनुवटी, आणि शेवटी कानामागची जागा, जिथे कच्चा कारागीर रंग विसरतो. त्या रीतीने, एकही जागा न गाळता, रंगोबांनी आपल्या मुलीच्या चेहऱ्यावरून न लावलेला रंग उतरवला. डोळ्यांखालचे काळे तिथेच राहिले. गालांची राख तिथेच राहिली. मग त्यांनी बोळा उलगडून परिचारिकेसमोर धरला. तो पांढरा होता.

ती बाई दुसरीकडे पाहू लागली. "मला माफ करा, काका," ती पुटपुटली. तिचा काही दोष नव्हता. आणि जिथे कोणाचाच दोष नसतो तिथे माफ करण्याचा अधिकारही कोणाकडे उरत नाही.

यंत्राची मूठ भिंगरीला धरताच आली नाही. मूठ मांडीवर गळून पडली. चालायला सांगितले, तेव्हा दाराशी भिंत धरून ती खाली बसली. डॉक्टरीणबाई आल्या, कागद पाहिले, चष्मा काढून पुसला. त्या निष्ठुर नव्हत्या. आपल्या शास्त्रावर त्यांची श्रद्धा होती, आणि श्रद्धावंताची मृदुता ही कठोर माणसाच्या कठोरपणापेक्षा पालटायला अवघड असते.

"हे बघा," त्या शांतपणे म्हणाल्या, "मुठीचा जोर माणूस मनात आणलं तर कमी लावू शकतो. मनात आणलं म्हणून जास्त लावू शकत नाही. म्हणून दोन आकड्यांत एवढा फरक पडला, की मोठा आकडा खरा धरायचा, अशी आमची रीत आहे. मी तुमच्यावर संशय घेत नाही. रीत सगळ्यांना एकच."

"म्हणजे मी त्या दिवशी जीव तोडून आवळलं, ती माझी चूक," भिंगरी जमिनीवरूनच म्हणाली.

"चूक नाही गं. ती तुझी क्षमता."

"आणि त्यानंतर जे झालं ते?"

"ते बघायला आम्ही तिथे नव्हतो ना, बाळा."

"या ना मग," आई म्हणाली. "आजच्यानंतर या. परवा या. चमचा माझ्या हातात आणि घोट तिच्या घशात अडकलेला असेल तेव्हा या. लांब नाही घर."

बाईंनी खरेच क्षणभर विचार केला. मग मान हलवली. "एकाच्या घरी गेले तर सगळ्यांच्या घरी जायला हवं. नाहीतर तुलना राहत नाही."

डोळ्यांनी पाहिलेले तेवढे प्रत्यक्ष, हा जगाचा जुना न्याय आहे. न पाहिलेल्यासाठी विश्वासू माणसाचा शब्द प्रमाण मानावा, असेही ज्ञात्यांनी सांगून ठेवले आहे. पण ज्याच्या बोटांना रंग लागलेला, त्याच्या शब्दाला तो लागला नसेल असे कोण मानणार? रंगोबांनी मुलीला पुन्हा पाठीवर घेतले. जिन्यात ती त्यांच्या कानाशी म्हणाली, "बाबा, तुम्ही फार चांगले कारागीर आहात. तुम्ही लावला नाही तरी लोकांना दिसतो."

परीक्षा आली. मास्तरीणबाई दुसऱ्या एका मुलाकडे जात होती. तिने चोरून दोनदा येऊन पाहिले, मग तिलाही ताकीद मिळाली. भिंगरी हट्टाला पेटली. "मी जाणार. सभागृहात बसून देणार. क्षमता आहे माझी, लेखी आहे." रंगोबांनी तिला पाठीवरून सभागृहात नेऊन बसवले. सगळी मुले पाहत होती. अर्धी उत्तरपत्रिका तिने लिहिली, अक्षर ओळीवरून घसरत गेले, आणि मग तिने डोके बाकावर टेकले. पर्यवेक्षकांनी बाक वाजवला. "झोपायचं असेल तर घरी झोप!"

"तेच तर मागत होते," ती म्हणाली, आणि मग उठली नाही.

त्यानंतर तिच्या खोलीचा पडदा उघडला गेला नाही. ऋतू बदलले ते आईच्या कारखान्यातल्या चादरींच्या जाडीवरून घरात कळायचे. वह्या पलंगाखाली सरकवल्या गेल्या. पूर्वी ती दिवसातून काही वेळ तरी बोलायची. आता बोटाने खूण करायची. एक बोट म्हणजे पाणी, दोन बोटे म्हणजे आवाज कमी. शाळेने तिला संपवले की तिने शाळेला, हा प्रश्न कोणी विचारत नव्हते.

मग एका दुपारी नाट्यगृह डॉक्टरांच्या एका सभेसाठी भाड्याने दिले गेले. भाषणे चित्रित होणार होती, म्हणून वक्त्यांच्या चेहऱ्यावर पावडर फिरवायला रंगोबांना बोलावले. पहिल्या दोघांच्या टकलांची चमक त्यांनी पावडरीने घालवली. तिसऱ्या आल्या त्या डॉक्टरीणबाई. खुर्चीत बसल्या, चष्मा काढला, आणि आरशात रंगोबांकडे बघता बघता थबकल्या.

"तुम्ही..."

"इथेच असतो, बाई."

बाईंनी काही विचारण्यासाठी ओठ उघडले. मुलगी कशी आहे, हाच प्रश्न असावा. पण तो विचारला की उत्तरही ऐकावे लागते, आणि बाहेर त्यांचे नाव पुकारायला फार वेळ नव्हता. त्यांनी आरशात स्वतःकडे पाहिले. डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती. "या भाषणापायी कित्येक दिवस धड झोप नाही," त्या म्हणाल्या. "मी फार थकलेली दिसते का हो?"

रंगोबांच्या हातात स्पंज होता. त्यांच्या मनात आले: कोरी जाऊ द्यावी. दिवे आपले काम करतील. दिसू दे सगळ्यांना थकवा कसा दिसतो तो. हात तसाच थांबला. पण त्या हाताला एकच विद्या येत होती, आणि ती सूड नव्हती. त्यांनी स्पंजचे टोक ओले केले आणि निळसर छायेवर मातकट पिवळ्याचा हलका हात फिरवला. तेच मिश्रण, तोच हात.

"दिसणार नाही, बाई," ते म्हणाले.

विंगेत उभे राहून त्यांनी भाषण ऐकले. पडद्यावर ठिपक्यांचे एक चित्र उमटले. ठिपके खालून वर चढत गेले होते. "यातला हा सगळ्यात वरचा," बाई म्हणाल्या, "एका मुलीचा आहे. चाकांच्या खुर्चीत बसवावी लागली होती तिला आम्हाला. वर्षभराच्या आधारानंतर स्वतःच्या पायांनी चालली." टाळ्या झाल्या. दिव्यांत बाईंचा चेहरा ताजा, निरोगी दिसत होता. या खेपेला रंगोबांची मान लवली नाही.

घरी आले तेव्हा भिंगरी जागी होती. तिने हातानेच जवळ बोलावले. त्यांच्या बोटांना पावडरीचा वास होता. तो तिला लहानपणापासून ओळखीचा.

"कोण होतं आज?" तिचा आवाज जेमतेम ऐकू आला.

त्यांनी सांगितले.

"माझं नाव काढलं?"

"नाव नाही. पण सांगितलं तुझ्याविषयी."

"काय?"

रंगोबांनी बोटांची पावडर पुसली. दाराशी आई चादर हातात घेऊन उभी होती.

"चालायला लागलीस म्हणाल्या."

भिंगरीच्या फाटलेल्या ओठांवर काहीतरी हलले. ते हसणे होते की नाही हे त्या अंधारात कळण्यासारखे नव्हते.

"बरं झालं," ती म्हणाली. "एक तरी चालतेय." आणि तिने दोन बोटे वर केली.